मनगटातून मणी

नको, माइक नको मला! माझ्या आवाजाला माइक लागलाय का कधी? लावलात तर पलीकडच्या गल्लीतली माणसं रिकामी ताटं घेऊन येतील... आणि माझ्या कपाळाकडे बघू नका. बघा! बघू नका म्हटलं की सगळ्या तिकडंच बघतात! सांगते, टेंगळाचंही सांगते, पण शेवटी. आधी फादरनी दिलेला विषय. काय म्हणाले फादर? "मिस युलाली, शुक्रवारी मासे तळून होईपर्यंत बायांशी पाच मिनिटं बोला. ओडीलला जो उपचार झाला त्याबद्दल. पेशंटनं आधी काय माहीत करून घ्यावं, एवढंच." पाच मिनिटं! अहो, या गावात 'तुझी आई आणि मंडळी कशी आहेत' एवढं विचारायलाच पाच मिनिटं जातात, मग माणूस मुद्द्यावर येतो, आणि मुद्द्यावर आला की त्याला आठवतं, आपण गॅसवर राजमा ठेवून आलोय!

तर पेशंटनं आधी काय माहीत करून घ्यावं? तुम्हाला सांगते, सगळं! सगळं माहीत करून घ्यावं! पण आधी कुणी सांगतं का? छे! नाव नको!

काय? ऐकलंत ना, आतून कोण ओरडलं? "मिस युलाली, कागदावर लिहिलं होतं!" ती ओडील. आत मासे तळतेय, खिडकी मुद्दाम उघडी ठेवून, मी तिच्याबद्दल काय बोलते ते ऐकायला. आणि गल्लीत नाक खुपसणारी म्हणून नाव कुणाचं? माझं!

ओडील माझी शेजारीण. शेजारीण म्हणजे घर एकच, दारं दोन, मधे एक भिंत, आणि भिंत कसली, बिस्किटाचा पुठ्ठा! तिकडं ती शिंकली की इकडून मी 'देव भलं करो' म्हणते आणि तिकडून ती 'थँक्यू मिस युलाली' म्हणते. आता अशा भिंतीतून मला कळलं की ही बाई महिन्यातले बारा-बारा दिवस चादरी धुतेय, तर त्यात माझा काय दोष? मी गेले, दार ढकललं, विचारलं, "ओडील बाळा, काय चाललंय?" तर म्हणे, काही नाही. काही नाही म्हणणाऱ्या बाईचे ओठ पांढरेफटक, तीन पायऱ्या चढली की भिंतीला टेकतेय, रक्त तपासलं तर सातावर! सात! आणि गर्भाच्या पिशवीत गाठी. एक नाही, चार. डॉक्टर लोकांना फळंच कशी सुचतात हो? एक संत्र्याएवढी, दोन लिंबांएवढ्या, एक द्राक्षाएवढी... पोट आहे की फळांची गाडी?

आणि नोकरी काय, तर ट्राम चालवते! ट्राम मधेच उभी करून 'आले हं मी' म्हणता येतं? पन्नास माणसं आत, त्यात निम्मे पाहुणे, कुणी विचारतोय जुनी दफनभूमी कुठं, कुणी विचारतोय डोनट कुठं, आणि ही काळ्या टॉवेलाची चौघडी घालून त्यावर बसलीये, शेवटचा थांबा कधी येतो याची वाट बघत. पण तेही ती सोसत होती. सोसलं नाही ते काय, तर साटीन.

तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सगळ्या पाहतच आलात. उपासाचे दिवस लागायच्या आदल्या मंगळवारी, मार्डी ग्राच्या सकाळी, पुलाखालून आपल्या बेबी डॉल निघतात, गुलाबी साटीनचं आखूड झबलं, डोक्याला टोपडं, हातात छत्री, झबल्याखाली फुग्याची चड्डी, आणि नाचताना झबलं उडतं, उडायलाच हवं, नाहीतर ती कसली बाहुली! ओडीलची आजी नाचली, आई नाचली, ओडील एकोणीस वर्षांची असल्यापासून नाचली. आणि मग तीन वर्षं झबलं स्वयंपाकघराच्या दारामागं प्लॅस्टिकच्या पिशवीत लटकलेलं. गुलाबी साटीन, आणि असा रक्तस्राव! कशी नाचेल? मला म्हणाली, "मिस युलाली, मला मरायची भीती नाही वाटत. भर रस्त्यात बँड वाजत असताना मागची बाई माझ्या कानात येऊन काही तरी सांगेल, याची वाटते."

बरं, गेली ती बायकांच्या डॉक्टरकडं. तिथं काय? "पिशवी काढून टाका." बस्. पिशवी काढा, दोन महिने घरी बसा. दुसरं काही? दुसरं काही नाही.

आता इथं मी जरा... नाही, पाणी नको, ठीक आहे मी. बावीस वर्षांपूर्वी मला पण असंच. मी छत्तीस वर्षांची. डॉक्टर म्हणाला, "मंगळवारी या, काढून टाकू." मी विचारलं, "दुसरं काही नाही का?" तो घड्याळाकडं बघत म्हणाला, "दुसरं काय असणार?" मला एक लेकरू होतं, दुसऱ्यासाठी न्यूमानं पाळणा पुसून, रंगवून माळ्यावर ठेवला होता. न्यूमा म्हणजे माझा नवरा, तो तिकडं, लिंबू कापतोय. पाळणा अजून आहे. त्यात आम्ही परेडमध्ये झेललेल्या मण्यांची पोती ठेवत आलो. तर ओडीलला पुढं जो दुसरा डॉक्टर मिळाला, पिशवी न काढता उपचार करणारा, त्याला मी विचारलं ना, बावीस वर्षांपूर्वी होता का हो हा उपचार? तो बिचारा खाली बघून म्हणाला, "होता, मिस युलाली. याच गावात होता." ... म्हणून मी हे एवढं ओरडते. आधी कुणी सांगतं का?

पहिल्या रांगेत बसून घड्याळ दाखवू नकोस लुर्डीन! झाली असतील पाच मिनिटं, मासे कुठं झालेत?

तर हा दुसरा डॉक्टर मी शोधला. मी! औषधाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढं दोघी बोलत होत्या, मी ऐकत नव्हते, मला ऐकू येत होतं. एक म्हणाली, माझ्या गाठी न कापता सुकवल्या, नळी घालून. मी तिला तिथंच खांद्याला धरून फिरवली, डॉक्टरचं नाव घेतलं, आणि ओडीलला भिंतीतूनच ओरडून सांगितलं. डॉक्टर वू. वू म्हणजे आपल्या पूर्वेकडच्या वस्तीतला, तीच ती बेकरीवाली, जिच्या मार्डी ग्राच्या किंग केकसाठी आपण सकाळी सहाला रांगा लावतो, तिचा मुलगा! इथंच जन्मला, इथंच वाढला. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं त्यात त्याला काही माफी नाही.

उपचाराचं नाव एवढं लांब, की ते म्हणून होईपर्यंत ट्राम दोन थांबे पुढं जाते. एम्बोलायझेशन! पण समजावलं छान. म्हणाला, "मिस ओडील, प्रत्येकीला हे चालत नाही. आधी मोठ्या मशीनमध्ये फोटो काढू, गाठी कुठं आहेत, केवढ्या आहेत. आतला एक तुकडा तपासू, दुसरं काही वाईट नाही ना, ते बघू. आणि पुढं मूल हवं असेल तर आत्ताच सांगा, मग विचार वेगळा करावा लागतो." ओडील म्हणाली, डॉक्टर, मी सेहेचाळीस वर्षांची आहे, मला मूल नको, मला नाचायचंय. तो म्हणाला, ठीक. मग मनगटातून एक बारीक नळी घालणार, पिशवीपर्यंत नेणार.

मी म्हटलं, थांबा! मनगटातून? दुखतंय कुठं आणि शिरताय कुठून? घर इथं आणि पत्ता विचारायला पार बॅटन रूज शहरात? तर तो म्हणतो, "मिस युलाली, परेडच्या दिवशी रस्ता ओलांडता येत नाही, तर आपण काय करतो? लांबून वळसा घालून, मागच्या गल्लीनं घरी येतो ना? तसंच. रक्ताच्या नळ्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. मनगटातून नाही जमलं तर जांघेतून, फक्त मग पाय सरळ ठेवून काही तास उताणं पडून राहायचं. आत पोचलं की गाठींकडं जाणाऱ्या गल्ल्या तेवढ्या बंद करायच्या, पोलीस अडथळे लावतात तशा. गाठींना रक्त नाही, गाठी सुकतात. पिशवीला बाकीच्या गल्ल्यांतून मिळतं, पिशवी शाबूत." मी म्हटलं, वा! पटलं! आणि गल्ल्या बंद कशानं करणार?

आणि हा इथं जन्मलेला, इथं वाढलेला माणूस, बेकरीवालीचा मुलगा, या गावातल्या दोन बायांसमोर सरळ तोंड वर करून काय म्हणतो?

"मण्यांनी."

अरे देवा! या गावात, जिथं दर परेडला गाड्यांवरून पोत्यानं मण्यांच्या माळा फेकतात! 'मणी' म्हणतो! अहो, समुद्रात जाऊन माशाला 'पाणी' म्हणायचं, आणि मग म्हणायचं, माशानं चुकीचं समजून घेतलं! मी खुर्चीत सरळ झाले. मी म्हटलं, "डॉक्टर, किती लागतील? माझ्याकडं माळ्यावर अकरा पोती आहेत!"

तो म्हणाला, "हे वाळूच्या कणाएवढे असतात, मिस युलाली." पण ते मी ऐकलं नाही. मी पोती मोजत होते.

मग नर्सनं विचारलं, कुठली औषधं घेता? ओडील म्हणते, लोहाची गोळी, बस. आता मी गप्प बसायला हवं होतं का? तुम्हीच सांगा! मी म्हटलं, "आणि गुडघ्यासाठी रोज अ‍ॅस्पिरिन, आणि मावशीनं दिलेला तो काळा पाला उकळून, आणि कोळंबी खाल्ली की अंगावर गांध्या उठतात!" ओडील माझ्याकडं वळली. "मिस युलाली, माझं औषधांचं कपाट तुम्ही कधी उघडलंत?" मी म्हटलं, साखर घ्यायला आले होते. "साखर? बाथरूममध्ये?" पण नर्स काय म्हणाली? म्हणाली, बरं झालं सांगितलंत! अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी, झाडपाला, सगळं सांगायचं, आणि कुठली कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील, आपल्या मनानं थांबवायची पण नाही. फोटोसाठी आत रंग सोडतात, तो काहींना सोसत नाही, म्हणून कशानं काय होतं तेही सांगायचं, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तोही. ऐकलंत बायांनो? तुमच्या कपाटात काय आहे हे तुमच्या शेजारणीला माहीत असेल, पण डॉक्टरला नसतं! आधी कुणी सांगतं का? मी सांगितलं! आणि ओडील माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. भिंतीतूनसुद्धा नाही. शिंका दाबून धरत होती बया!

मग सात पानांचा कागद दिला त्यांनी. सात! पुढून-मागून छापलेला. ओडीलनं तो माझ्या हातात दिला, म्हणाली, तुमच्या पर्समध्ये ठेवा, माझी भरलीये. त्या कागदाचं काय झालं ते विचारू नका. त्यातल्या तिसऱ्या पानात मी प्रलीनच्या गोड वड्या गुंडाळून फादरना दिल्या. आणि तापाचं सगळं नेमकं त्यावरच होतं.

आता मण्यांचं. मी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त लुर्डीनला. आणि तिच्या शेजारी बसलेल्या तिघींना. आणि मासळीवाल्याला, कारण त्यानं विचारलं. एवढंच म्हटलं, ओडीलला रुग्णालयात मणी घालणार आहेत, बिचारीसाठी प्रार्थना करा. आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणींच्या माळ्यावर मणी आहेत? हात वर करा. बघा! वाढतच चाललेत हात! तीस-तीस वर्षांचे, फेकवत नाहीत, कुणाला द्यावे तर कुणी घेत नाही, माळा खाली वाकलाय, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी मण्यांची खरी गरज लागली! कळेल ते पुढं.

उपचाराचा दिवस. नोव्हेंबर. आदल्या मध्यरात्रीपासून पोटात काही नाही, हे मला ठाऊक होतं, पण ते तिच्या पोटात, माझ्या नाही ना! म्हणून मी पर्समध्ये तळलेल्या कालवांचा पाव नेला. तो वास! ओडील पलंगावर उपाशी, आणि माझी पर्स घमघमतेय. ती म्हणाली, "मिस युलाली, वाचले तर तुम्हाला मारीन." मग नर्स आली आणि विचारलं, हिला घरी नेणारी, हिच्याजवळ राहणारी जबाबदार प्रौढ व्यक्ती कोण? मी उभी राहिले. अठ्ठावन्न वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं! मी सही केली, खाली लिहिलंसुद्धा, 'जबाबदार'. न्यूमाला फोन करून सांगितलं, तर तो इतका हसला की त्याला खोकला लागला. पण ऐका, हे महत्त्वाचं, असं माणूस सोबत नसेल तर घरी सोडतच नाहीत. टॅक्सीवाला चालत नाही. गुंगीत असता तुम्ही, गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही.

आणि गुंगीच हं, झोप नाही! मला वाटलं होतं, झोपवतील. नाही! मनगट बधिर केलं, अंगात गुंगी सोडली, आणि बाई आपली जागी, दीड तास, गाणी म्हणतेय! आणि गाणी म्हणता म्हणता तिनं त्या नर्सला काय सांगितलं असेल? की मिस युलाली भिंतीला पेला लावून ऐकते! एकदा! एकदाच लावला होता! गुंगीत माणूस काय वाट्टेल ते बोलतं, आणि शेजारणीची अब्रू जाते. आधी कुणी सांगतं का?

झालं म्हणाले. मी धावले. काय बघितलं? मनगटावर एक पट्टा, आणि त्याखाली भोक केवढं, तर टिकलीएवढं! टाका नाही, चीर नाही, काही नाही! मी तीन दिवस रडून घेतलं होतं, चर्चच्या गायनमंडळाला तयार राहा म्हटलं होतं, दोन मोठे टोप गंबोचा रस्सा करून ठेवला होता, आणि दाखवायला काय, टिकली! मी तोंडावर बोललेही, एवढंच? आणि तेवढ्यात ओडीलनं डोळे उघडले आणि... देवा रे.

कळा. भोक एवढंसं आणि कळा एवढ्या! बायांनो, हे फसवं आहे, नीट ऐका. बाहेरून काही दिसत नाही म्हणून आत काही नाही असं नाही. त्या गाठींची रसद तोडलीये, त्या काय गुपचूप मरतील? पहिला दिवस त्या ओरडतात. ओडील, जिनं तीन वर्षं तोंडातून ब्र काढला नाही, ती पलंगाचा कठडा धरून माझ्या हाताला नखं रुतवत होती. तिच्या हाताशी एक बटण दिलेलं, दाबलं की दुखण्यावरचं औषध आत जातं. तिचा चेहरा मला बघवेना, मी पुढं होऊन दाबायला गेले, तर नर्सनं माझ्या हातावर चापट मारली! "फक्त पेशंटनं दाबायचं! दुसऱ्या कुणीही नाही!" मी जबाबदार प्रौढ व्यक्ती आहे म्हटलं. "मग हात मागं घ्या!" मी तिथं मागं हात बांधून उभी होते आणि मनात म्हणत होते, युलाली, तू हिला इथं आणलंस. रांगेत ऐकलेल्या गोष्टीवर आणलंस. काही झालं तर त्या भिंतीपलीकडं कोण शिंकणार?

दुसऱ्या दिवशी कळा उतरल्या, दुपारी घरी सोडलं. न्यूमानं गाडी हळू चालवली, प्रत्येक खड्ड्याला ओडील 'आई गं' म्हणाली, आणि आपल्या गावात खड्डे किती हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे ती घरापर्यंत आईलाच हाका मारत आली. गल्लीत वळलो. ओडील म्हणाली, "मिस युलाली... माझं दार कुठंय?"

दार नव्हतं! म्हणजे होतं, मागं कुठं तरी. पुढं मणी! जांभळे, हिरवे, सोनेरी, पोती, खोकी, उशांच्या खोळी, एका बाळाच्या टबात भरलेले, कठड्याला लटकलेले, आणि वर चिठ्ठ्या, 'ओडील, पुरले नाहीत तर अजून आहेत.' सगळ्यांत तळाला आमची अकरा पोती, ती मात्र मीच न्यूमाला आणून ठेवायला सांगितली होती. लेकरांनो, पोटात कळा, पायात मणी! न्यूमा एका माळेवरून घसरला तो सरळ पायऱ्यांवर बसला. ओडील खाली, फुटपाथवर उभी, एका हातानं पोट धरून, आणि मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. हसत होती, आणि हसलं की पोटात कळ येत होती, कळ आली की 'आई गं', आणि परत हसत होती. "डॉक्टर म्हणाला होता वाळूएवढे! वाळूएवढे, मिस युलाली!" अर्धा तास लागला दार सापडायला.

तिसऱ्या दिवशी अंग गरम. शंभर! मी घाबरले, गायनमंडळ बोलावलं, आले बिचारे, मेणबत्त्या लावल्या. ओडील उशीतून म्हणतेय, नर्सला फोन करा. केला. नर्स म्हणाली, थोडा ताप, मळमळ, गळून जाणं, हे आठवडाभर असतं, गाठी मरतायत त्याचं. पाणी पाजा, झोपू द्या. पण एकशे एकच्या वर गेला, किंवा दुखणं कमी होऊन परत वाढलं, किंवा अंगावरून जातंय त्याला घाण वास आला, किंवा तो हात गार पडला, सुजला, बधिर झाला, तर तेव्हाच्या तेव्हा फोन, तेव्हा थांबायचं नाही. मग म्हणाली, "मागं गातंय कोण?" आणि दोन आठवडे आराम, जड उचलायचं नाही, टबात बसायचं नाही, आत काही घालायचं नाही. आधी कुणी सांगतं का?

हो गं ओडील, होतं! तिसऱ्या पानावर होतं! फादर, तुम्ही हसू नका.

मग डिसेंबर. डिसेंबरचं मला सांगवत नाही. पाळी आली, आणि पहिल्यासारखीच! तशीच धो धो. तोच काळा टॉवेल, त्याच चादरी. भिंतीतून नळाचा आवाज आला. मी गेले तर ती मागच्या पायरीवर बसलेली, मांडीवर ते झबलं, प्लॅस्टिकसकट. म्हणाली, "पिशवीच काढून टाकायला हवी होती, मिस युलाली. उगाच आशा."   मी तिच्या शेजारी बसले. झबल्यावरचं प्लॅस्टिक सरळ करत राहिले.

सकाळी मी डॉक्टर वूला फोन लावला आणि असं बोलले, असं बोलले की त्याच्या आईच्या बेकरीपर्यंत ऐकू गेलं असेल. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मिस युलाली, गाठी एका दिवसात सुकत नाहीत. दोन-तीन पाळ्या जाऊ द्या, पुढं सहा महिने सुकतच राहतात. आणि खरं तेच सांगतो, काही जणींना परत करावं लागतं, काही जणींना उपयोग होत नाही. वचन मी देऊ शकत नाही." वचन देऊ शकत नाही! मला त्या क्षणी तो माणूस आवडला. बावीस वर्षांपूर्वी मला खात्रीनं सांगणारा घड्याळाकडं बघत होता.

जानेवारीत पाळी चार दिवस. मोजून चार! कसं माहीत म्हणता? माझ्या फ्रिजवर कॅलेंडर आहे, त्यावर ओडीलच्या तारखांना गुलाबी चुंबक. आणि मग मी फेब्रुवारीच्या पानावर चुंबक सरकवत गेले, सरकवत गेले, आणि दुसरा दिवस, सगळ्यांत वाईट दिवस, कुठं आला? मार्डी ग्राच्या मंगळवारी! बरोबर त्यावर! तीन वर्षांनी बाई नाचणार, गुलाबी साटीन, आणि दुसरा दिवस! मी देवाला म्हटलं, देवा, वर्षात तीनशे पासष्ट दिवस दिलेस, तुला तोच सापडला?

ओडीलला सांगितलं, तर म्हणे, "माहीत आहे. मी जाणार." बस. दोनच वाक्यं.

मग मी काय करणार? मी काळी चड्डी शिवली, तशीच फुग्याची, अडीअडचणीला. पर्समध्ये काळी चड्डी, टॉवेल, पिना, आणि न्यूमाच्या खांद्यावर शिडी. पुलाखाली शिडी मांडली, मी वरच्या पायरीवर चढले. माणसं काय बघायला येतात तिथं? पिसांचे मुकुट, कवट्यांचे मुखवटे, बँड. मी काय बघत होते? एका बाईचा पार्श्वभाग! सांगायला लाज कसली! बँड लांबून वाजायला लागला आणि माझे डोळे तिथंच. ती वळली, माझी मान वळली. तिनं झबलं उडवलं, मी शिडी घट्ट धरली. गुलाबी. गुलाबीच. परत उडवलं. गुलाबी! शेजारचा एक पाहुणा न्यूमाला विचारतोय, "तुमच्या मिसेस ठीक आहेत ना?" न्यूमा म्हणाला, "ती जबाबदार प्रौढ व्यक्ती आहे."

आणि ओडील! ती नाचत नव्हती हो, तीन वर्षांचा हिशेब काढत होती रस्त्यावर. तुम्ही पाहिलंत ना? धाप नाही, टेकणं नाही. ओठ लाल, छत्री आभाळात, पाय जमिनीवर टिकत नाहीत. माझ्या शिडीसमोर आली, बँड तिथंच थांबून वाजत राहिला, ती माझ्याकडं पाठ करून इतकी हलली, इतकी हलली, की मी शिडीवरून कंबरेत वाकून बघतेय... स्वच्छ! एक ठिपका नाही! दुसऱ्या दिवशी! मला काही दिसेना, डोळ्यांत पाणी, मी तशीच वाकलेली, आणि तेवढ्यात ती गर्रकन वळली. मला तशी बघितली. आणि भर बँडमध्ये ओरडली, "मिस युलाली, वर बघा, वर! खाली काय बघताय!" आणि गळ्यातली माळ काढून फेकली. साधी माळ नाही, प्लॅस्टिकची नाही. तिच्या आजीची! काचेच्या मण्यांची, त्या काळची, जड. ती कधी कुणाला हात लावू देत नव्हती, ती माळ!

मी वर बघितलं. त्याच क्षणी. ठण्!

डॉक्टर वू म्हणाला होता, मणी बरोबर जिथं जायचे तिथंच जाऊन बसतात.

माळ माझ्या गळ्यात आहे, ही बघा, कॉलरच्या आत. आणि टेंगूळ हे इथं. दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, फादर कपाळावर राखेचा क्रूस काढायला आले, आणि अंगठा टेंगळावर चढवताना मी अशी किंचाळले की त्यांनी क्रूस वळसा घालून काढला, लांबून, मागच्या गल्लीनं. ओडीलच्या मनगटावरची टिकली आठ दिवसांत गेली, आता शोधून सापडत नाही. माझं हे ईस्टरपर्यंत राहील म्हणतात. ज्या बाईच्या पोटात मणी घातले, ती नाचतेय, आणि जिनं फक्त सही केली, ती टेंगूळ घेऊन बसलीये!

काय म्हणालीस ओडील? कागदावर लिहिलं होतं? नाही! हे नव्हतं! फादरकडून तिसरं पान परत आणून, पाक पुसून, सातही पानं वाचली मी, पुढून-मागून. ताप आहे, कळा आहेत, अ‍ॅस्पिरिन आहे, बटण कुणी दाबायचं ते आहे. पण जबाबदार प्रौढ व्यक्तीनं कपाळ सांभाळावं, हे एका तरी ओळीत? आता हे आधी कुणी सांगतं का... जाऊ दे. ताट आणा माझं. आणि पाळणा रिकामा झालाय आमचा, कुणाला हवा असेल तर घेऊन जा. आतले मणी सगळे ओडीलच्या दारात आहेत.